रास्पबेरी पाय टीव्हीला लावला आणि 'नो सिग्नल' आलं, तर काय काय बघायचं

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतून सरांचा फोन आला. गावाने वर्गणी काढून ३२ इंची टीव्ही घेतलेला, त्याला रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा, एका बोर्डाचा छोटा संगणक) लावून मुलांना धड्यांचे व्हिडिओ दाखवायचे असं ठरलेलं, आणि टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. "अहो बोर्ड गेलाय बहुतेक, नवीन मागवू का? पैसे सध्या मी टाकतो," असं ते म्हणत होते. मी म्हटलं, सर, थांबा जरा, आधी मला सांगा बोर्डावर कुठला लाइट लागलाय. तर लाल लागलेला आणि हिरवा मधूनमधून लुकलुकत होता. म्हणजे बोर्ड चालू होता, मेमरी कार्डावरून सिस्टीम लोड होत होती, फक्त चित्र टीव्हीपर्यंत पोचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर बोर्डाच्या प्लॅस्टिकच्या डब्बीला जे भोक होतं त्याची कड जाड होती, मायक्रो एचडीएमआयचा प्लग त्या कडेला अडकून एक-दीड मिलिमीटर बाहेरच राहत होता. वरून बघितलं तर वाटावं की व्यवस्थित बसलाय. कानशीने भोक थोडं मोठं केलं, प्लग टक् करून आत गेला, आणि चित्र आलं.

अशा किती तरी केसेस बघितल्यात. लोक सरळ बोर्ड बदलतात, नाही तर नेटवर सापडलेल्या दहा ओळी एकदम सेटिंगच्या फाइलमध्ये टाकतात, आणि मग मूळ अडचण कुठली नि आपण घातलेला गोंधळ कुठला हेच कळत नाही. 'नो सिग्नल'चा अर्थ एवढाच की टीव्हीला काही मिळत नाहीये, कुठे अडलंय ते तो सांगत नाही. वीज, कार्ड, बोर्ड, वायर, टीव्ही, या साखळीत आपण कुठपर्यंत पोचलोय ते आधी शोधायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पाळलं तरी बहुतेक वेळा पैसे खर्च न करता काम होतं.

सुरुवातीलाच एक सांगतो, हे टाळू नका

एचडीएमआयची वायर लावताना-काढताना टीव्ही आणि बोर्ड दोन्हींचे स्विच भिंतीवरून बंद करा, आणि टीव्हीला केबलवाल्याची गोल वायर जोडलेली असेल तर तीही काढून ठेवा. आपल्याकडे बरेच टीव्ही दोन पिनांच्या प्लगवर चालतात, अर्थिंग नसतंच. मग टीव्हीच्या मागच्या धातूला ओलसर हात लागला की झिणझिण्या येतात, तुम्हालाही कधी तरी आल्या असतील. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमधून थोडी वीज झिरपून तो धातू २३० च्या निम्म्या व्होल्टच्या आसपास तरंगत असतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला काही होत नाही, पण प्लग आत जाताना तो झटका बोर्डाच्या बारीक पिनांवर गेला तर पोर्ट कायमचं जाऊ शकतं. पुढे 'वायर काढून परत लावा' असं जिथे जिथे म्हटलंय तिथे हे गृहीत धरा.

लाइट काय सांगतायत ते वाचा

पाय ३ आणि पाय ४ वर लाल लाइट विजेचा आणि हिरवा कार्डाचा. लाल मधेच विझत असेल किंवा लुकलुकत असेल तर वीज कमी पडतेय, व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो. हिरवा अनियमित लुकलुकत असेल तर कार्ड वाचलं जातंय, चांगली गोष्ट. हिरवा ठरावीक तालात, म्हणजे चार वेळा लुकलुकून थांबतो, परत चार वेळा, असं करत असेल तर कार्डावरची सुरुवातीची स्टार्ट फाइल सापडत नाहीये, सात वेळा असेल तर कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची फाइल सापडत नाहीये. या दोन्हींत टीव्हीचा किंवा वायरचा काही संबंध नाही, कार्ड नीट लिहिलं गेलेलं नाहीये, ते परत लिहा. हिरवा अजिबातच लागत नसेल तर कार्ड आत बसलंय का आणि त्यावर खरंच सिस्टीम आहे का हे बघा. पाय ५ वर एकच लाइट आहे, लाल असेल तर बोर्ड बंद होऊन नुसता विजेवर बसलाय, हिरवा असेल तर चालू. पाय झिरो या छोट्या बोर्डावर लाल लाइट नसतोच, तो शोधत बसू नका.

पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांची एक खासियत लोकांना माहीत नसते आणि त्यावरून खूप गैरसमज होतो. या बोर्डांत कार्ड नसेल तर टीव्हीवर काहीही येत नाही, एक ठिपकासुद्धा नाही. संगणकासारखं आधी कंपनीचं नाव मग एरर असं इथे होत नाही, चित्र काढायचं सॉफ्टवेअरच कार्डावर असतं. त्यामुळे नवीन पाय ३ आणून कार्ड न घालता टीव्हीला लावला आणि काळा पडदा दिसला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, त्याचा दोष नाहीये.

वीज, म्हणजे चार्जर आणि त्याची वायर

पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर देणारा, '२७ वॉट' म्हणून विकला जातो तो अडाप्टर लागतो. घरातला मोबाइलचा चार्जर ६७ वॉटचा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, ते ६७ वॉट त्या मोबाइलशी बोलून जास्त व्होल्टला मिळतात, ५ व्होल्टला तो किती अँपिअर देतो ते चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा, पुष्कळदा तिथे २ च असतं. आणि चार्जर चांगला असूनही वायर बारीक नि लांब असली की व्होल्टेज वाटेतच पडतं. टीव्ही भिंतीवर उंच लावलेला असतो, प्लग खाली असतो, मग दोन मीटरची स्वस्तातली वायर लावली जाते, आणि टीव्हीला जोडून व्हिडिओ सुरू केला की बोर्ड रिस्टार्ट होतो. अशा ठिकाणी वायर वाढवण्यापेक्षा एक्स्टेन्शन बोर्ड वर नेऊन चार्जर टीव्हीच्या मागेच लावा.

पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह किंवा 'लो व्होल्टेज' असा मेसेज येत असेल तर आधी हेच सोडवा, बाकी काही करू नका. अगदी सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांत यूएसबी-सी पोर्टच्या डिझाइनमध्ये चूक होती, लॅपटॉपच्या जाड भारी वायरने ते चालूच व्हायचे नाहीत, साध्या वायरने व्हायचे. सेकंडहँड पाय ४ घेतला असेल आणि लाल लाइटच लागत नसेल तर वायर बदलून बघा.

एचडीएमआयची वायर, प्लग आणि पोर्ट

मोठं तोंड पाय ३ पर्यंत, मिनी झिरोवर, मायक्रो पाय ४ आणि ५ वर. मायक्रो आणि मिनी दिसायला जवळपास सारखे वाटतात पण एकमेकांत बसत नाहीत, जोर लावू नका. पाय ४ आणि ५ वर दोन पोर्ट असतात, त्यातलं यूएसबी-सी पॉवरच्या शेजारचं जे आहे ते पहिलं, आधी त्यातच लावा. एकच टीव्ही असताना दुसऱ्यात लावलं तर सुरुवातीचं काही दिसत नाही किंवा आवाज भलत्याच ठिकाणी जातो असे प्रकार होतात.

बोर्ड डब्बीतून बाहेर काढून एकदा लावून बघा. सरांच्या शाळेत जे झालं ते मी त्याआधी आणि नंतरही दोन-तीन ठिकाणी बघितलंय, प्लगचं रबर जाड, डब्बीचं भोक लहान. नीट बसलेला प्लग हलवला तर बोर्डासकट हलतो, अर्धवट बसलेला असेल तर स्वतःच डुगडुगतो. दुसरा प्रकार म्हणजे मायक्रो ते मोठं असा छोटा जोडणारा तुकडा लावून त्यावर जाड वायर लटकवलेली असते. त्या वजनाने पोर्ट खाली ओढलं जातं आणि सहा महिन्यांत सैल होतं. त्याऐवजी एका बाजूला मायक्रो आणि एका बाजूला मोठं असलेली अखंड वायरच घ्या, आणि टीव्हीच्या मागे वायरला एक टाय मारा म्हणजे वजन पोर्टवर येणार नाही.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पोर्टात टॉर्च मारून बघा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो, विशेषतः जे पोर्ट वर्षभर उघडं पडलेलं असतं त्यात, आणि टीव्हीचं दुसरं-तिसरं पोर्ट नेमकं तसंच असतं. मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते मऊ ब्रशला लावून अलगद साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. टाचणी किंवा पिन घालून खरवडू नका.

वायर चांगली आहे का हे कळायला सगळ्यात सोपं म्हणजे तीच वायर सेटटॉप बॉक्सला लावून बघायची, आणि सेटटॉप बॉक्सची वायर बोर्डाला. पाय ३ असेल तर हे लगेच जमतं, पाय ४ ला अडाप्टर लागेल. एक लक्षात ठेवा, सेटटॉप बॉक्सवर चालली म्हणजे ४के ला चालेल असं नाही, त्याबद्दल खाली येतोच.

पाय ४ आणि ५ साठी कार्ड काढून करायची चाचणी

ही चाचणी मला फार आवडते, कारण दोन मिनिटांत अर्धं कोडं सुटतं. बोर्ड बंद करा, मेमरी कार्ड काढा, पेन ड्राइव्ह वगैरेही काढा, वायर पहिल्या पोर्टात लावा, टीव्ही चालू करून बरोबर सोर्स निवडा, आणि मग बोर्डाला वीज द्या. थोड्या वेळात टीव्हीवर बोर्डाची माहिती असलेला, कार्ड सापडत नाही असं सांगणारा पडदा आला पाहिजे. हा पडदा कार्डावरून येत नाही, बोर्डावरच्या छोट्या चिपमधून येतो. तो दिसला म्हणजे वीज, बोर्ड, पोर्ट, वायर, टीव्ही हे सगळं ठीक आहे, आणि दोष कार्डात किंवा कार्डावरच्या सेटिंगमध्ये आहे. मग वायर बदलत बसायची गरजच नाही.

पाय ४ २०१९ चा आणि त्याचं बूटलोडर, म्हणजे त्या चिपमधला बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम, जुनंच राहिलेलं असेल तर हा पडदा येणार नाही, ही सोय २०२० मध्ये आली. तेव्हा लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर (कार्ड लिहायचं सॉफ्टवेअर) उघडून युटिलिटी इमेजेसमध्ये जाऊन बूटलोडरची एसडी कार्डवाली इमेज एका रिकाम्या कार्डावर लिहा, ते कार्ड बोर्डात घालून वीज द्या. काम झालं की हिरवा लाइट भराभर लुकलुकत राहतो आणि टीव्हीचा पूर्ण पडदा हिरवा होतो. ही एक चाचणीच झाली, पडदा हिरवा झाला म्हणजे चित्राचा रस्ता मोकळा आहे. लाइट लुकलुकतोय पण पडदा काळाच असेल तर वायर, पोर्ट किंवा टीव्ही.

पाय ३ वाल्यांना ही सोय नाही. त्यांनी दुसऱ्या कार्डावर नवी कोरी सिस्टीम लिहून बघायची. वीज देताच क्षणभर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दिसला तर चित्राचा रस्ता ठीक आहे. तो रंगीत पडदाच अडकून राहिला तर कर्नल लोड होत नाहीये, म्हणजे परत कार्ड. जुन्या बोर्डासाठी लिहिलेलं कार्ड नव्या बोर्डात घातलं की हे बऱ्याचदा होतं.

टीव्ही आणि बोर्ड एकमेकांशी काय बोलतात

वायर लावली की लगेच चित्र जात नाही. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ नंबरवर बोर्ड ५ व्होल्ट देतो, १९ नंबरवरून टीव्ही 'मी आहे' असं कळवतो, मग १५ आणि १६ नंबरवरून बोर्ड टीव्हीची कुंडली वाचतो, तिला ईडीआयडी म्हणतात, त्यात टीव्हीला कुठलं रिझोल्यूशन चालतं, आवाज घेतो का हे सगळं असतं. ती वाचून बोर्ड ठरवतो काय पाठवायचं. हे बहुतेक सुरू होतानाच घडतं. काही टीव्ही झोपलेले असताना किंवा दुसरा सोर्स निवडलेला असताना १९ नंबरवर काहीच सांगत नाहीत, आणि मग बोर्ड समजतो की टीव्हीच नाही, नि चित्र पाठवतच नाही. नंतर तुम्ही टीव्ही चालू केला तरी उशीर झालेला असतो.

म्हणून क्रम असा: आधी टीव्ही चालू, मग रिमोटवरून बरोबर एचडीएमआय निवडा, आणि शेवटी बोर्डाला वीज. वीज जाऊन परत आली की नेमकं उलटं होतं, बोर्ड लगेच सुरू होतो आणि टीव्ही स्टँडबायवरच राहतो. 'रोज चालतं पण लाइट गेली की बंद पडतं' असं कोणी म्हटलं की मी हेच समजतो.

टीव्हीची पोर्टं सगळी सारखी नसतात, एकात नाही चाललं तर दुसऱ्यात लावा. आणि टीव्हीचा प्लग पाच मिनिटं भिंतीतून काढून ठेवा, नुसता रिमोटने बंद करून उपयोग नाही, आतलं अडकलेलं त्यानेच सुटतं.

आता सेटिंग, पण आधी नाही

इथपर्यंत सगळं करून झालं असेल तरच फाइलींना हात लावा. कार्ड लॅपटॉपला लावा. विंडोजवर एक छोटा ड्राइव्ह दिसेल, नाव बूटएफएस किंवा नुसतं बूट, आणि बरोबर एक मेसेज येईल की दुसरा भाग फॉरमॅट करायचा का. कॅन्सल दाबा! तो भाग लिनक्सचा आहे, विंडोजला तो वाचता येत नाही इतकंच, हो म्हटलंत तर सगळं पुसलं जाईल. त्या छोट्या ड्राइव्हमध्ये कॉन्फिग आणि सीएमडीलाइन नावाच्या दोन टेक्स्ट फाइली आहेत. बदलायच्या आधी दोन्हींची कॉपी लॅपटॉपवर ठेवा.

खालच्या ओळी मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, अंडरस्कोर, टिंब आणि बरोबरचं चिन्ह आहे तसंच, मध्ये स्पेस नाही. फक्त एचडीएमआय-ए-१ हे कॅपिटलमध्ये, आणि शेवटी सुटा डी येतो तोही कॅपिटल.

तुमची सिस्टीम कुठली आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेटवरचे बहुतेक सल्ले इथेच चुकतात. २०२१ च्या शेवटी बोर्डाच्या सिस्टीमची बुल्सआय नावाची आवृत्ती आली तेव्हापासून चित्राचं काम कर्नलकडे गेलं, त्यामुळे जुन्या एचडीएमआय_ ने सुरू होणाऱ्या ओळी नव्या सिस्टीममध्ये कर्नल सुरू झाल्यावर ऐकल्याच जात नाहीत. लोक त्या टाकत बसतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही.

जुनी सिस्टीम असेल, म्हणजे बुल्सआयच्या आधीची बस्टर किंवा त्याहून जुनी, तर कॉन्फिग फाइलमध्ये आधी एकच ओळ टाका: एचडीएमआय_सेफ=१. याने बोर्ड ६४० बाय ४८० असं अगदी साधं चित्र जबरदस्तीने पाठवतो. ते दिसलं तर ती ओळ काढा आणि त्याऐवजी एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१, एचडीएमआय_ग्रुप=१, एचडीएमआय_मोड=४, एचडीएमआय_ड्राइव्ह=२ अशा चार ओळी टाका. ग्रुप १ म्हणजे टीव्हीचे मोड, २ म्हणजे संगणकाच्या मॉनिटरचे. मोड ४ म्हणजे ७२०पी ६० हर्ट्झ, १६ म्हणजे १०८०पी ६०, १९ म्हणजे ७२०पी ५०, ३१ म्हणजे १०८०पी ५०. 'एचडी रेडी' लिहिलेल्या ३२ इंची टीव्हीचा पडदा पुष्कळदा १३६६ बाय ७६८ चा असतो, त्याला ७२०पी सगळ्यात बिनधोक.

नवी सिस्टीम असेल तर सीएमडीलाइन फाइल उघडा. त्यात सगळं एकाच ओळीत असतं आणि ते एकाच ओळीत राहिलं पाहिजे, चुकून एंटर दाबलंत तर बोर्ड सुरूच होणार नाही. ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन लिहा: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०x७२०@६०डी. शेवटचा डी म्हणजे टीव्ही सापडो न सापडो, चित्र पाठव. ही ओळ काम करते, पण एक तोटा आहे, टीव्हीची कुंडली वाचता आली नाही तर बोर्ड त्याला साधा मॉनिटर समजतो आणि आवाज पाठवत नाही.

सरांच्या शाळेत पुढे हेच झालं. लाइट दिवसातून दोनदा जायची, परत आली की चित्र नाही, डी लावला तर चित्र यायचं पण आवाज नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे टीव्हीची कुंडली एकदा वाचून कार्डावर ठेवून द्यायची. सगळं नीट चालू असताना टर्मिनलमध्ये सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, त्यात कार्ड आणि पुढे एचडीएमआय-ए-१ असं नाव असलेला फोल्डर शोधा (कार्डपुढचा आकडा ० किंवा १ असू शकतो), त्यातली ईडीआयडी नावाची फाइल कॅट कमांडने होम फोल्डरमध्ये टीव्ही.बिन या नावाने घ्या. तिचा साइज बघा, १२८ किंवा २५६ बाइट असला पाहिजे, शून्य असेल तर वाचलीच गेली नाही. मग सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा शब्द) लावून ती लिब फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये कॉपी करा. आणि सीएमडीलाइनच्या शेवटी आधीची व्हिडिओवाली ओळ काढून हे लिहा: डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:टीव्ही.बिन, एक स्पेस, आणि व्हीसी४.फोर्स_हॉटप्लग=१. आता टीव्ही झोपलेला असला तरी बोर्डाला वाटतं तो समोरच आहे, आणि नंतर टीव्ही चालू केला की चित्र नि आवाज दोन्ही हजर. टीव्ही बदलला तर ही फाइल मात्र नव्याने करावी लागते, हे मी सरांच्या वहीत लिहून ठेवलंय.

चित्र येतंय पण बरोबर नाही

कडा कापल्या जात असतील, वरचा मेन्यू अर्धाच दिसत असेल, तर बोर्डात काही करायच्या आधी टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जा. जुन्या काचेच्या टीव्हीच्या काळापासून टीव्ही चित्र थोडं ताणून कडा लपवतात, ती सवय अजून आहे. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल' अशी नावं असतात. तिथे सोय नसेल तरच रास्पी-कॉन्फिग या बोर्डावरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधलं अंडरस्कॅन वापरा.

मधूनमधून पडदा काळा होऊन परत येत असेल किंवा पांढरे ठिपके चमकत असतील तर वायर त्या स्पीडला पुरत नाहीये. ७२०पी वर उतरवून बघा, थांबलं तर वायरच. ४के ६० हर्ट्झला १०८०पी च्या चौपट माहिती जाते, त्याला १८ गिगाबिटची वायर लागते आणि शक्य तितकी आखूड. पाय ४ वर ४के ६० हवं असेल तर कॉन्फिगमध्ये एचडीएमआय_एनेबल_४केपी६०=१ लागतं (ही एक ओळ नव्या सिस्टीममध्येही चालते), आणि टीव्हीतही त्या पोर्टासाठी परवानगी द्यावी लागते, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. माझं स्पष्ट मत आहे की वर्गात किंवा वाचनालयात ४के चा अट्टहास करू नका, १०८०पी वर ठेवा, बोर्डही थंड राहतो.

चित्र आहे पण आवाज नाही? वरच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून आउटपुट एचडीएमआय आहे का बघा. मध्ये डीव्हीआयचा अडाप्टर लावला असेल तर आवाज येणारच नाही.

जुना काचेचा टीव्ही

असे टीव्ही खेड्यात अजून चालतात आणि ते वापरायलाच हवेत असं मला वाटतं. २०१४ च्या बी प्लस मॉडेलपासून पाय ४ पर्यंत मोठ्या बोर्डांवर हेडफोनच्या जॅकमधूनच पिवळ्या पिनचं चित्र येतं, पाय ५ ला हा जॅक नाही. वायर चार कड्यांची लागते, आणि मोठी गोची अशी की बाजारात मिळणाऱ्या कॅमेऱ्याच्या वायरींत ग्राउंड आणि व्हिडिओची जागा वेगवेगळी असते. बोर्डाला टोकापासून डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड आणि शेवटी व्हिडिओ असा क्रम हवा. चित्राऐवजी घरघर ऐकू आली तर मल्टिमीटरने कडी तपासा.

आपले टीव्ही पाल पद्धतीचे, आणि बोर्ड मुळात अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीने पाठवतो, म्हणून चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली फिरत राहतं. जुन्या सिस्टीममध्ये कॉन्फिग फाइलीत एसडीटीव्ही_मोड=२ टाका, पाल सुरू होतं. पाय ४ वर हे आउटपुट मुळात बंद असतं, एनेबल_टीव्हीआउट=१ टाकावं लागतं, आणि ते चालू केलं की एचडीएमआय बंद होतं, हे विसरून परत 'नो सिग्नल'च्या मागे लागू नका.

एवढं करूनही पडदा काळाच असेल

मग बोर्ड खरंच सुरू होतोय का हे टीव्हीशिवाय बघायचं. इमेजरने कार्ड लिहितानाच सेटिंगमध्ये तुमच्या मोबाइल हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड, युजर आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरून कमांड द्यायची सोय) चालू, हे भरा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. बोर्ड सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, पहिल्या वेळी तो कार्ड नीट लावून घेतो, घाई करू नका. मोबाइलमध्ये हॉटस्पॉटला जोडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आलं की बोर्ड ठणठणीत आहे. मग एसएसएचने आत जाऊन व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड द्या, उत्तर ०x० आलं तर वीज ठीक, ०x५०००० किंवा ०x५०००५ आलं तर वीज कमी पडलीय. आणि मघाच्याच एचडीएमआय-ए-१ फोल्डरमधली स्टेटस फाइल वाचा. टीव्ही जोडलेला, चालू असूनही तिथे 'डिसकनेक्टेड' येतंय, दुसऱ्या वायरने आणि दुसऱ्या टीव्हीवरही तेच, तर ते पोर्ट गेलंय.

पाय ४ किंवा ५ असेल तर दुसरं पोर्ट शिल्लक असतं, त्यात लावा, आणि सेटिंगमध्ये जिथे जिथे ए-१ लिहिलंय तिथे ए-२ करा. दोन्ही गेली तरी बोर्ड फेकू नका. आमच्या वाचनालयात असाच एक पाय ३ आहे, त्याचं एचडीएमआय पावसाळ्यात विजेच्या झटक्याने गेलं. आता तो एका कोपऱ्यात राउटरशेजारी बसलाय, त्याला जुनी हार्डडिस्क तिच्या वेगळ्या अडाप्टरवर लावलीय, आणि मुलं मोबाइलवरून त्यातली पुस्तकं वाचतात.